सईनं परत केलेले वीस मार्क

आधी माफी मागतो. बोलोन्याहून परतल्यावर आठवड्याभरात सगळं लिहितो असं इथं ब्लॉगवर कबूल केलं होतं, आणि आता फेब्रुवारी संपत आला. आमच्या एडिसनच्या बागेतल्या मंडळींनी दोनदा टोकलं. फ्रिस्कोच्या एका काकूंनी तर "तब्येत बरी आहे ना?" असं लिहून पाठवलं. तब्येत बरी आहे. पण लिहायला बसायचो आणि उठायचो. जिचा निकाल लागलेला नाही अशी गोष्ट कशी लिहायची ते मला कळत नव्हतं. शिक्षण माझं नववीपर्यंत, उभा जन्म साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये गेला. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सई माझी नात. इथं अमेरिकेतच जन्मली, इथल्याच कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. जुनी हाती लिहिलेली पुस्तकं कशी वाचायची, कशी जपायची, हे शिकायला ती सप्टेंबरात एका सेमिस्टरसाठी इटलीतल्या बोलोन्याला गेली. सुरुवातीला दर रविवारी फोन यायचा. डिसेंबरपासून फोन आटले. आला तरी "आय ॲम फाइन, आजोबा" एवढंच. ती हे ज्या आवाजात म्हणायची तो मला बरा वाटत नव्हता. इंजिन चालू असतं, पण आत काहीतरी घासत असतं, तसा.

जानेवारीअखेर मी आणि सूनबाई, मनीषा, तिला भेटायला जाणार होतो. माझा इटलीचा व्हिसाही झाला होता. (ग्रीन कार्ड असलं तरी आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागतो. वेळ हाताशी ठेवून अर्ज करा.) निघायच्या आठ दिवस आधी मनीषाच्या ऑफिसात काहीतरी गो-लाइव्हचं तातडीचं काम निघालं आणि तिनं तिकीट कॅन्सल केलं.

मी म्हणालो, "मी एकटा जातो."

माझा मुलगा प्रशांत हसलाच. "अण्णा, तुम्ही ओक ट्री रोडचा सिग्नल एकट्यानं क्रॉस करत नाही."

खरं होतं ते. पण गेलो.

माझ्यासारख्यांनी एक करावं: व्हीलचेअर मागून घ्यावी. पाय धड असले तरी घ्यावी. मधल्या विमानतळावर माझी खुर्ची ढकलणारा माणूस पंजाबी निघाला. त्यानं विचारलं, "अंकलजी, पैर में क्या हुआ?" मी म्हटलं, "पैर ठीक है. इंग्लिश नहीं आता." तो म्हणाला, "फिर तो आधा प्लेन बीमार है." मला ओशाळल्यासारखं झालं, पण पुढच्या विमानाच्या दारापर्यंत त्यानं मला पोचवलं. तरीही खिशातली पत्त्याची चिठ्ठी मी किती वेळा चाचपली याला हिशेब नाही.

सई विमानतळावर आली होती. वाळली होती. वाकून पाया पडली आणि उठताना माझ्या कोटाला धरून तशीच थोडा वेळ उभी राहिली. विमानतळावरून स्टेशनला जायला छोटी रेल्वे आहे, काही मिनिटांत पोचवते, पण तिकीट महाग. सामान थोडं असेल तर साधी बस बघा.

माझी सोय चर्चच्या सिस्टर लोकांच्या अतिथिगृहात केली होती. आपल्याकडच्या धर्मशाळेसारखी जागा, स्वच्छ, सकाळी पाव आणि जॅम मिळतो, दार वेळेवर बंद होतं. म्हाताऱ्यांना हॉटेलपेक्षा हे बरं. तिथून सईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तीन मुली राहतात. सईच्या खोलीत कियारा नावाची दक्षिण इटलीकडची मुलगी आहे, ती मला पहिल्या मिनिटापासून "नोन्नो" म्हणायला लागली. म्हणजे आजोबा. स्वयंपाकघरात प्रत्येकीचं कपाट वेगळं, फ्रिजमध्ये प्रत्येकीचा कप्पा वेगळा, आणि कपडे सगळ्यांचे एकाच स्टँडवर, टेबलाशेजारी. हीटर इमारतीच्या ठरलेल्या वेळेलाच चालतो. दुपारी घर गार पडतं, म्हणून या मुली लायब्ररीत जाऊन बसतात, आणि तिथं जागा मिळावी म्हणून सकाळी दार उघडायच्या आधी रांगेत उभ्या राहतात.

बोलोन्याचं मला आवडलं ते एकच. फुटपाथवर सगळीकडे कमानी, वर छप्पर. सगळ्या गावाला मिळून एकच लांब ओसरी म्हणा ना. तीन दिवस पाऊस भुरभुरत होता आणि माझी टोपीसुद्धा भिजली नाही. खाण्याचं मात्र जपून. भाजीचं सूप म्हणून देतात त्यात मांसाचं पाणी असू शकतं, विचारून घ्या. विद्यार्थ्यांच्या खानावळीत भात, शिजवलेली पालेभाजी आणि दही मिळालं, स्वस्तात पोट भरलं. कॉफी उभ्यानं प्यायली तर थोडक्यात भागतं, खुर्चीवर बसलात की बऱ्याच ठिकाणी दर वाढतो. मी गुडघ्यांसाठी बसायचो. सई म्हणायची, "आजोबा, तुम्ही चेअरचे पैसे देताय."

दुसऱ्या दिवशी त्या कमानींखालून चालताना मी सरळ विचारलं, "काय झालंय?"

आधी म्हणाली काही नाही. मग चालता चालताच सांगितलं, माझ्याकडे न बघता. तिथं वर्षभर हजेरी नाही, चाचण्या नाहीत. सगळा भार एका तोंडी परीक्षेवर. विषय शिकवणाऱ्या बाईंसमोर बसायचं, इटालियनमध्ये बोलायचं, बाकीची मुलं मागं बसून ऐकत असतात. जानेवारीच्या मध्यावर पहिली परीक्षा झाली. सईचं नाव पुकारलं आणि ती उठून दाराबाहेर गेली.

"मला येत होतं, आजोबा. ऑल ऑफ इट. पण तोंड उघडेना."

"आईबाबांना?"

"नाही सांगितलं."

दुसरी परीक्षा गुरुवारी होती, मी असतानाच. तिसरी फेब्रुवारीत, ती शेवटची. तीसपैकी अठराला पास. पास झाली तर सेमिस्टर धरलं जाणार, नाही तर इथल्या कॉलेजात सहा महिने मागे.

गुरुवारी सकाळी मी दुकानातून दह्याचा डबा आणला. कॉफीच्या टेबलावरची साखरेची पुडी आदल्या दिवशीच खिशात टाकली होती. जिन्यात उभं राहून तिच्या हातावर दही-साखर ठेवली. कियारानंही हात पुढे केला. तिला काय ते समजलं नव्हतं, पण चाटून खाल्लं आणि म्हणाली, "नोन्नो, मी टू एक्झाम!"

परीक्षा कुणीही बघू शकतं, मलाही आत सोडलं. उंच छताची खोली, लाकडी बाकं. बाई वयस्क होत्या, जाड स्वेटर, गळ्यात साखळीचा चष्मा. सईच्या आधी नऊ जण होते. मी शेवटच्या बाकावर कोट मांडीवर घेऊन बसलो. भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. पण वर्कशॉपमध्ये आम्ही मशीन उघडायच्या आधी आवाज ऐकायचो. सई बोलायला लागली तेव्हा आवाज आधी अडखळला, मग लागला. पहिल्या प्रश्नाला हात हलवून बोलत होती. दुसऱ्या प्रश्नाला थांबली. बाई वाट बघत राहिल्या. सईची मान खाली. मग हळू, तुटक, पुन्हा सुरू झाली. संपलं.

बाईंनी काहीतरी सांगितलं. सईनं मान हलवली. नाही.

मला वाटलं, नापास केलं. आपल्याकडे अशा वेळी घरातलं मोठं माणूस काय करतं? मास्तरांकडे जातं. प्रशांत सातवीत गणितात गेला तेव्हा मीही गेलो होतो. मी उठलो, बाकांमधून पुढे गेलो, बाईंसमोर हात जोडले आणि म्हणालो, "मॅडम, प्लीज. गुड गर्ल. वन चान्स." एवढं इंग्रजी मी आयुष्यात अनोळखी माणसाशी पहिल्यांदाच बोललो असेन.

बाकांवरची मुलं माझ्याकडे बघायला लागली. सई लालबुंद. बाईंनी चष्मा काढला, उभ्या राहिल्या आणि हळूहळू इंग्रजीत बोलल्या. मलाही समजेल इतक्या हळू. "मी तिला वीस दिले आहेत. तिला ते नको आहेत."

तिथं तशी पद्धत आहे. मार्क पटले नाहीत तर परत करायचे आणि पुन्हा परीक्षेला बसायचं. पहिले मार्क मग पुसले जातात.

मी मराठीत म्हणालो, "सई, घे ते वीस. पास आहेस. घे म्हणतो ना!"

"आजोबा, प्लीज. बसा तुम्ही."

"अगं, पुढच्या वेळी ते पण नाही मिळाले तर?"

"मला माहितेय."

तिनं पुन्हा मान हलवली. बाईंनी वहीत तिच्या नावापुढच्या वीसवर रेघ मारली. मी बघत होतो. एक छोटी रेघ, शाईच्या पेननं.

बाहेर जिन्यात मी खूप बोललो. आईबाप कमावतात, तू उधळतेस, असंही बोललो. ते इथं लिहिताना लाज वाटते. ती भिंतीला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली की या बाई पुढच्या वर्षी जुन्या हस्तलिखितांचं काम शिकवायला मोजकी मुलं घेणार आहेत, त्यांना या विषयात निदान पंचवीस लागतात. वीस घेतले तर ते दार बंद. आणि दुसरं म्हणजे, "आजोबा, मी आज अर्धंच बोलले. ते वीस त्या अर्ध्याचे आहेत."

मी त्या दिवशी जेवलो नाही. शुक्रवारी गाव बघायचं ठरलं होतं, ते फिरलो, दोन उंच मनोरे बघितले, खालूनच. शिकणारी मुलं वर चढत नाहीत, डिग्री अडते म्हणतात. सई म्हणाली, "मी चान्स घेत नाही." पहिल्यांदाच थोडी हसली. एका पोराला नुकतीच डिग्री मिळाली होती, डोक्यावर पानांचं कडं, मित्र भोवती ओरडून गात होते. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत होती.

शेवटच्या संध्याकाळी मी तिला एक सांगितलं. ते मी प्रशांतलाही कधी सांगितलं नव्हतं. कारखान्यात हेल्परचा फिटर व्हायला ट्रेड टेस्ट असायची. हाताचं काम मी चोख केलं. मग साहेबांनी तोंडी विचारलं. सगळं येत होतं. तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बस, तोवर हेल्पर रहा. मी अकरा वर्षं हेल्पर राहिलो. पुढं सगळ्यांना सरसकट बढती मिळाली तेव्हा फिटर झालो.

"मग परत टेस्ट का नाही दिली?"

"पुन्हा तिथं उभं राहायचं नव्हतं."

माझ्या मफलरची गाठ सैल झाली होती, ती तिनं नीट बांधली. मग म्हणाली, "बाबांना तुम्ही सांगा. माझ्यानं फोनवर नाही होणार. पण ब्लॉगवर एक्झामनंतरच लिहा."

नेवार्कला प्रशांत घ्यायला आला होता. गाडीत बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, पोटात ठेवणं मला जमत नाही. तो गाडी चालवत राहिला. बरंच अंतर गेल्यावर म्हणाला, "तुम्ही तिला घे म्हणालात ना?"

"म्हणालो."

"मीपण तेच म्हणालो असतो." मग एडिसनचा एक्झिट आला. वळताना म्हणाला, "बरं झालं मी तिथं नव्हतो."

त्यानंतर त्यानं तिला फोन केला, दार लावून. काय बोलले मला माहीत नाही. बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता आणि मनीषाला म्हणाला, "देऊ दे तिला परीक्षा."

मंडळी, तुम्ही विचाराल, बोलोन्याला जावं का? जरूर जा. गरम मोजे न्या, चपटे बूट न्या, नातवंडांच्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसा, त्यातून जे कळतं ते फोनवर कळत नाही. मला मात्र त्या गावातलं आठवतं ते एकच, वहीतली रेघ. बर्फ पडतोय, मी खिडकीत बसतो आणि ती रेघ दिसते. माझ्या नावापुढं अशी रेघ मारायला मी कुणालाच सांगितलं नाही.

सईची शेवटची परीक्षा परवा झाली. अजून तिचा निरोप नाही. मनीषा म्हणते कियाराला मेसेज करू या. प्रशांत म्हणतो, थांबा, तिला वेळ द्या. पण जेवताना फोन ताटाशेजारी उलटा नाही, सुलटा ठेवतो. मला वाईटच सुचतं, माझा स्वभावच तो. काल तीन वेळा फोन चार्जिंगला लावला, भरलेला असताना.

सई, हा ब्लॉग तूच मला काढून दिलास. मराठी भराभर वाचता येत नाही म्हणून तू फोनला वाचायला लावून ऐकतेस, तेव्हा हेही ऐकशीलच. परीक्षेनंतर लिहा म्हणाली होतीस, ते मी पाळलं. किती मार्क पडले ते तुला वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. नाव पुकारल्यावर बसून राहिलीस का आणि बोललीस का, एवढंच कळव. लवकर कळव, बाळा. आम्ही तिघंही जागेच आहोत.