चेंडू नको, बांगड्या

चाकूरच्या आठवडी बाजारात बसणाऱ्या त्या कासारणीचं नाव मी कधी विचारलं नाही. लकव्यानं तिचा डावा हात अधू झाला होता. गिऱ्हाइकाचा हात गुडघ्यावर घेऊन ती डाव्या कोपरानं दाबून धरी आणि उजव्या हातानं काचेची बांगडी अलगद चढवी. ऑक्युपेशनल थेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाची माझी मुलाखत होती, म्हणून आईनं मला नव्या बांगड्या भरायला तिच्यापुढे बसवलं.

“त्यात काय शिकीवतेत?” आईकडून अभ्यासाचं नाव ऐकून तिनं विचारलं.

“हात अधू झाला तरी आपलं काम कसं करायचं, ते.”

“मंग आधी इचारत जा बाई, कोन्तं काम पायजे. मला दवाखान्यात महिनाभर चेंडू दाबाया लावला. मी काय चेंडू इकते?”

मुलाखतीत विचारलं, रुग्ण आल्यावर आधी काय कराल? पाठ केलेल्या चाचण्या बाजूला ठेवून मी म्हणाले, “कोणतं काम परत करायचंय, ते विचारेन.”

प्रवेश मिळाला. बांगड्या भरून झाल्या की कासारणीला नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे. पुढच्या बाजारी मी जाऊन आधीच वाकले.

“आगं, भरायच्या ऱ्हायल्यात की अजून,” ती म्हणाली आणि तिनं माझा हात कोपराखाली ओढून घेतला.