मधात उभी राहिलेली काकू

परवा प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये कापसाचा बोळा करपला आणि मला मुकुटबनच्या आमच्या घरातला तो धूर आठवला. तो धूर झाला त्या वर्षी मी विजेचा भार पुढे नेऊन उजेड देणारे सेंद्रिय रेणू बनवत होते. दोन रेणूंचे थर जमले होते, पण भार एकातून दुसऱ्यात पोचेना आणि दिवा काही लागत नव्हता, म्हणून वैतागून घरी आले होते. भाव नसल्यामुळे कापूस खोलीत छतापर्यंत भरलेला, आणि भर दुपारी त्यानं पेट घेतला. विहिरीपासून आम्ही ओळ धरली. माझ्या पुढे ताडमाड उंच काका. त्यांच्या हातात बादली देताना अर्धं पाणी माझ्याच अंगावर सांडायचं. आम्हा दोघांच्या मधल्या उंचीची काकू धावत आली. "अशे कायले उभे राह्यले? उंचीनं लागा. पोरी, तू मांगं सरक, मधात मले उभी राहू दे." मग बादल्या भरलेल्याच पोचू लागल्या आणि अर्ध्याहून जास्त कापूस वाचला. परतल्यावर मी त्या दोन थरांमध्ये मधल्या ऊर्जेचा तिसरा रेणू घातला, तर काचेवर नखाएवढा निळा ठिपका उजळला. शोधनिबंधात त्या रेणूचं नाव दीड ओळीचं आहे. माझे विद्यार्थी मात्र अजून तराजूपाशी उभं राहून विचारतात, "मॅडम, काकू किती मिलिग्रॅम घेऊ?"