नेर्मिनच्या यंत्रातली गळती

नेर्मिनच्या पोटात दुखत होतं आणि त्या दुखण्याचं नाव होतं तुलाय.

तुर्कस्तानातल्या गेब्झेच्या विद्यापीठातली ती प्रयोगशाळा कागदोपत्री सादिक होजांची, म्हणजे सादिक सरांची. पण पाइप कुणी जोडले? कॉम्प्रेसरवाल्याशी घसा बसेपर्यंत कोण भांडलं? नेर्मिनच! सख्ख्या बहिणीच्या मेंदीच्या रात्री घरात गाणी चालली होती आणि ही बया इथे हवेची नळी धरून बसली होती. सगळं एका गळतीपायी. टर्बाइनचा शाफ्ट फिरतो, भोवतीचं कवच स्थिर असतं आणि मधल्या फटीतून हवा निसटते. निसटली ती वाया गेली. ती अडवायला फटीत केसांसारख्या बारीक तारांचा गोल ब्रश बसवतात. किती हवा अडली नि किती गळली, हे स्वतः उभारलेल्या यंत्रावर मोजता मोजता नेर्मिनचे केस पिकले.

आणि गेल्या वर्षी ही तुलाय जर्मनीहून टपकली. यंत्राला बोटही न लावता संगणकावर बसून गळती किती ते सांगायची, आणि होजा लहान मुलासारखे खूश व्हायचे. वर बोलणं साखरेत घोळलेलं! आल्या आल्या तिने नेर्मिनच्या यंत्रावर दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी टांगला.

"दृष्ट लावणारं इथे कोण आहे गं?" नेर्मिनने फटकन विचारलं.

"कुणी नाही, ताई. आईने दिलाय."

आईने दिलाय म्हणे! त्या दिवसापासून नेर्मिनला चहाही गोड लागेना.

शुक्रवारी होजा निवृत्त होणार होते. प्रयोगशाळा दोघींपैकी एकीला मिळणार, हे चहा आणणाऱ्या बेद्रीलाही ठाऊक होतं. होजा एवढंच म्हणाले, "गुरुवारी तुलायचा आकडा यंत्रावर पडताळून बघू. मग किल्ली कुणाला द्यायची ते ठरवतो." म्हणजे आकडा जुळला की नेर्मिनची सगळी वर्षं पाण्यात. आयत्या बिळावर नागोबा!

गुरुवारी होजा आणि तुलाय काचेपलीकडे बसले. नेर्मिनने शाफ्ट फिरवला, झडप हळूहळू उघडली. दाब चढत गेला आणि गळतीचा आकडा मुकाट्याने तुलायच्या आकड्याकडे सरकू लागला. जुळणार होता मेला, अगदी तंतोतंत जुळणार होता.

शाफ्ट बाजूला सरकवायचा एक स्क्रू तिच्या हाताशी होता. तिने तो जरासा फिरवला आणि लगेच परत जागेवर आणला. बस, एवढंच. पण दाबाखाली असं केलं की शाफ्टने ढकललेल्या तारा ब्रशमागच्या प्लेटला चिकटून बसतात. शाफ्ट जागेवर येतो, त्या येत नाहीत. मध्ये फट राहते आणि हवा सूं करत पळते.

"होजा, आकडा बराच जास्त येतोय," ती म्हणाली. आवाजात दुःख आणायला गेली, पण ते काही जमलं नाही.

होजा बाहेर आले. आकड्याकडे बघितलं, मग तुलायकडे. "काय म्हणतेस, पोरी?"

आता ही यंत्राला नावं ठेवणार! नेर्मिनच्या जिभेवर उत्तर तयार होतं.

"यंत्र ताईंचं आहे, होजा," तुलाय म्हणाली. "ते खोटं बोलायचं नाही. चुकलं असेल तर माझंच."

नेर्मिनच्या अंगाची आग आग झाली. म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे! चार शब्द भांडली असती तर निदान सुखाने रागावता तरी आलं असतं.

"मग ठरलं," होजा म्हणाले आणि त्यांनी किल्ली नेर्मिनच्या चहाच्या पेल्याशेजारी ठेवली.

इतकी वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती किल्ली हाताच्या अंतरावर होती. हात काही पुढे होईना.

"थांबा!" ती जवळजवळ ओरडलीच. तिने सगळा दाब सोडून दिला. हवेची सूं सूं थांबली, तारा पुन्हा शाफ्टवर टेकल्या. मग तिने दाब परत चढवला. आकडा तुलायच्या आकड्यावर येऊन बसला.

"मी शाफ्ट सरकवला होता," नेर्मिन म्हणाली. "मुद्दाम."

होजांनी एका बोटाने किल्ली तुलायच्या बाजूला सरकवली आणि नेर्मिनकडे न बघता निघून गेले.

"घे. हास आता," नेर्मिन म्हणाली.

"स्क्रूवर तुमचा हात मी काचेतून पाहिला होता, ताई."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तारा चिकटल्या की वर दाब वाढवून उपयोग नसतो. दाब सोडावा लागतो, मग त्या आपोआप येतात. तुमच्याच प्रबंधात वाचलंय."

तो प्रबंध होजांनीसुद्धा धड वाचला नव्हता. पानन् पान वाचणारं माणूस मिळालं, तेही नेमकं हेच! पोटात पुन्हा तीच कळ उठली.

नेर्मिन उठली. यंत्रावरचा निळा मणी सोडवून तिने तुलायच्या हातावर ठेवला.

"हा गळ्यात घाल," ती म्हणाली. "माझी नजर अजून चांगली नाही."