विहिरीतला चौथा बार

ध्वनीची भिंत फोडली, असं कोणी कौतुकानं बोललं की माझं डोकं फिरतं. कसली भिंत आणि कसलं काय. आवाज हवेतून ज्या वेगानं जातो त्यापेक्षा जास्त वेगानं विमान गेलं, एवढीच ती गोष्ट. धुळ्याच्या देवपुरातल्या हायस्कुलात मी हे वर्षानुवर्षं शिकवलं, आणि एके काळी तर नाचून शिकवलं. म्हणून तर राग जास्त येतो.

आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी अमेरिकेत ते पहिलं विमान आवाजाच्या पुढे गेलं. तिकडच्यांनी बातमी दाबून ठेवली, ती आमच्यापर्यंत सावकाश आली. मी बी.एस्सी. होऊन धुळ्यात मास्तर झालो तेव्हा पांझरा नदी ओलांडून गावातल्या वाचनालयात जायचो, तिथं शिळी इंग्रजी मासिकं असत. त्यांत त्या रॉकेट विमानांची चित्रं यायची. मी ती चित्रं डोक्यात ठेवून आणायचो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर काढायचो. एका मोठ्या विमानाच्या पोटाखाली लहान विमान, माकडिणीच्या पोटाला पिल्लू असतं तसं. उंचावर नेऊन मोठं विमान त्याला सोडून देई, मग लहानाचं रॉकेट पेटे आणि मोजक्या मिनिटांत सगळं इंधन फुंकून ते आवाजाला मागे टाकून जाई. इंधन संपलं की वैमानिक ते तसंच तरंगत आणून कोरड्या तळ्याच्या पात्रात उतरवी. पुढच्या खेपेला वेग आणखी थोडा जास्त. काही वैमानिक त्यात मेले. तरी दुसरे चढत होते, याचं मला भारी कौतुक.

असं विमान गेलं की खाली जमिनीवर सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो. नाकाचा एक आणि शेपटीचा एक, पण इतके जोडून की पुष्कळांना तो एकच वाटतो. ते सांगताना मी टेबलावर दोन्ही हात लागोपाठ आपटायचो आणि वर्ग हसायचा. पोरं मला पाठीमागे राकेट मास्तर म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझं हे सगळं शिक्षण सुरुंगाच्या दारूवर झालेलं. आमचं गाव सोनगीरजवळ. आई-वडील लवकर गेले, मला माझ्या थोरल्या भावानं वाढवलं. आम्ही त्याला भाऊच म्हणायचो, गावही भाऊच म्हणे. तो विहिरी खोदायचा. आमच्याकडे वरची माती संपली की काळा पाषाण लागतो, तो कुदळीला दाद देत नाही. पहारीवर घण मारून खडकात भोकं पाडायची, त्यांत दारू भरायची, वात सोडून वर माती ठासायची. वाती कमी-जास्त लांबीच्या, म्हणजे बार एकदम उडत नाहीत, एकामागून एक उडतात. बत्ती दिली की दोरानं वर यायचं आणि बांधाआड पडून मोजायचं.

या मोजणीवर आमच्याकडच्या माणसांचा जीव टांगलेला असे. जितक्या वाती तितके बार ऐकू आले पाहिजेत. एक जरी कमी आला तरी त्या दिवशी विहिरीत कोणी उतरायचं नाही, मालक कितीही ओरडला तरी नाही. भाऊनं 'सुरुंग होऽऽ' अशी हाळी दिली की सगळं शिवार गप्प होई. मोट थांबे. कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवत, रडतं पोर पदराखाली घेत. भाऊ बांधाआडून एक हात वर धरी आणि बारागणिक एक बोट मिटे, आणि शिवारातली माणसंही आपापली बोटं मिटत. शेवटचं बोट मिटलं की तो ओरडे, "बठ्ठा उडनात," सगळे उडाले. त्यानंतरच दोर हलायचा. इतकी वर्षं त्यानं हे केलं आणि त्याच्या विहिरीत कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

त्याच्या जोडीला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त होता, मी त्याला नाना म्हणायचो. बत्ती भाऊ द्यायचा आणि बार झाल्यावर पहिल्यांदा खाली नाना उतरायचा. असा त्यांचा ठरलेला रिवाज होता.

दिवाळीची सुट्टी होती. मी सोनगीरच्या फाट्यावर मोटारीतून उतरलो आणि पायवाटेनं गावाकडे निघालो. आभाळ लख्ख होतं. विहिरीच्या बाजूनं भाऊची हाळी ऐकू आली, म्हणून सवयीनं मीही थांबलो. एक बार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आणि मग एक आवाज आला तो विहिरीतून आला नव्हता. तो वरून आला. धड्‌धड्, दोन जोडून. फाट्यावरच्या हॉटेलाचे पत्रे थरथरले, बाभळीवरची पाखरं उठली. मी वर पाहिलं. आवाज जिथून आला तिथं काही नव्हतं, आणि पार पुढे, मांडवगडाच्या दिशेला, एक बारीक चकाकता ठिपका निघून चालला होता.

सांगतो, मला इतका आनंद झाला. ज्याची नक्कल करून मी टेबल बडवत होतो तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता. आवाजाला मागे टाकणारी लढाऊ विमानं आपल्या देशातही नुकती आली होती, ती सूर मारताना तो वेग गाठतात, हे वाचलेलं होतं. हे आता भाऊला सांगायचं, म्हणून मी जवळजवळ पळतच निघालो. अर्ध्या वाटेत आणखी एक बार झाला, आणि हा विहिरीतून झाला.

चार वाती होत्या. भाऊनं चार आवाज मोजले, चार बोटं मिटली, बठ्ठा उडनात म्हणाला. नाना खाली उतरला. चौथी वात अजून जळत होती.

नानाला वर काढताना मी तिथं होतो. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

भाऊ बांधावर बसून राहिला. मी विचारलं तेव्हा एवढंच बोलला, "चार वाती लाव्यात, चार बार उनात. चौथा जरासा जोडीसन उना." जोडून आला. त्याला विमान माहीत नव्हतं, पण त्याच्या कानानं ते बरोबर टिपलं होतं. पाषाणातला बार कधी कधी तसा फुटतो, म्हणून त्यानं तो मोजला. कोणीही मोजला असता.

आणि मोजलाच होता. शिवारातल्या प्रत्येकानं बोटं मिटली होती. पण धुळ्याहून साहेब चौकशीला आले आणि चावडीत एकेकाला बोलावलं, तेव्हा सगळं गाव बहिरं झालं. एकाचा बैल उधळला होता, एकीचं पोर रडत होतं, एकाचं लक्षच नव्हतं. चार ऐकले म्हणावं तर नानाला उतरवायला आपणही होकार दिल्यासारखं होतं, उद्या आपल्यालाही धुळ्याला बोलावतील. विहिरीचा मालक तर म्हणाला, मी त्या दिवशी शेतात नव्हतोच. त्याची टोपी मी स्वतः बांधाआड पाहिली होती. ज्या माणसानं यांच्या निम्म्या विहिरी खोदल्या, त्याच्यासाठी यांना चार बोटं वर करवेनात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण चावडीत ओरडून काय होणार होतं?

मी साहेबांपुढे उभा राहिलो. मी मास्तर, पदवीधर, माझं ऐकतील असं मला वाटलं. विमान आवाजाच्या पुढे गेलं की काय होतं ते नीट सांगितलं. अमेरिकेत असल्या विमानांच्या चाचण्या कशा होतात, खाली कसा बार ऐकू येतो, तो जोडून का येतो, सगळं सांगितलं. ठिपका कुठं दिसला ते हात करून दाखवलं. साहेब भला माणूस होता, चहा मागवला. मग म्हणाला, "मास्तर, अमेरिकेतल्या गोष्टी सोनगीरला कशाला आणता? विमान गेलं असतं तर कोणी तरी पाहिलं असतं."

"मी पाहिलं."

"तुम्ही त्याचे भाऊ आहात."

मी म्हटलं, विचारा ना वरती, त्या दिवशी विमान इकडून गेलं होतं का. त्यांनी विचारलं की नाही देव जाणे. आमच्याकडे तशी माहिती नाही, असं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं. सोनगीरच्या किल्ल्याची टेकडी समोर आहे, तिच्यावरून तिसऱ्या बाराचा प्रतिध्वनी आला आणि यानं तो चौथा धरला. वा रे वा! जो माणूस त्या टेकडीच्या पायथ्याशी जन्मला, पोरवयात तिला हाका मारून खेळला आणि मिसरूड फुटल्यापासून तिच्यासमोर सुरुंग उडवत आला, त्याला तिचा प्रतिध्वनी कळत नव्हता आणि धुळ्याच्या साहेबाला कळला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. इथं तर चोर आभाळातून गेला आणि त्यानं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

भाऊची जबानी शेवटी होती. त्याआधी आम्ही दोघं चावडीमागच्या लिंबाखाली बसलो होतो. मी त्याला पढवत होतो, असं सांग, तसं सांग, चौथा जोडून आला हे आधी सांग. तो ऐकत होता. मग म्हणाला, "मी सांगसू, मी चुकनू."

मला वाटलं मार बसल्यासारखं याचं डोकं बधिर झालंय. मी म्हटलं, "भाऊ, तुनी चूक नही शे."

"माले माहीत शे," तो म्हणाला. "तू सांगस ते खरं व्हई. पण उद्या दुसरा पोऱ्या विहिरमा उतरतीन. त्यासले मोजणीवर भरोसा पाहिजे. माणूस चुकना ते चालस. मोजणी चुकाले नको."

मी भडकलो. आयुष्यात त्याला उलटून बोललो नव्हतो, त्या दिवशी बोललो. तुझ्या नावाला काळं लागेल, सुरुंगाचा परवाना जाईल, नानाच्या घरी काय तोंड दाखवशील, आणि हे सगळं कोणासाठी, जे बहिरे होऊन बसले त्यांच्यासाठी? आणि मोजणी खोटी ठरलीच आहे, भाऊ, विमानं आता येतच राहणार, मग लोकांना सांगायला नको का? त्यानं मान हलवली. त्याचं म्हणणं असं, की सांगून ते काय करतील? वर बघतील तर काही दिसायचं नाही. नुसती भीती बसेल, आणि घाबरलेला माणूस वात कापताना चुकतो. त्याचं ते म्हणणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "तठे, तुना अमेरिकामा, ह्या विमानं कोठे उडावतस?"

मी सांगितलं, वाळवंटात. माणसं नसतात तिथं.

"मंग आठे आम्ही त्यासले दगडं दिखनूत का?"

एवढंच तो रागानं बोलला. मग उठला, धोतर झटकलं आणि आत जाऊन मी चुकलो म्हणून सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही. परवाना त्याच दिवशी गेला. ती विहीर दोंडाईच्याकडच्या दुसऱ्या माणसानं पुरी केली. त्यानं हाळी दिली की गाव पुन्हा गप्प होई आणि पुन्हा बोटं मिटत.

नानाच्या बायकोला मी अक्का म्हणायचो. चौकशी होईपर्यंत ती आमच्याशी बोलत होती. भाऊ सकाळी तिच्या दारात जाऊन बसे, ती त्याला पाणी देई. त्याच्याकडून चूक होणार नाही, असं ती स्वतः शेजारणींना सांगत असे. भाऊनं चावडीत कबूल केलं, आणि दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा तिनं दार लावून घेतलं. परक्या साहेबानं ठपका ठेवला असता तर तिनं मानला नसता. पण भाऊ कधी खोटं बोलत नाही हे तिला माहीत होतं.

भाऊनं मला शपथ घातली होती, तिला काही सांगायचं नाही. मी शपथ मोडली. धुळ्याला परतण्याआधी मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होती. मी तिला विमानाचं सगळं सांगितलं, वर्गात सांगायचो त्यापेक्षा सोपं करून सांगितलं. वरून आवाज आला, तो भाऊनं मोजला, गावानं मोजला, त्यात कोणाची चूक नव्हती. ती हातातली पऱ्हाटी न मोडता ऐकत राहिली. मला वाटलं, पटलं.

मग तिनं विचारलं, "विमानमा माणूस व्हता का?"

"व्हता."

"त्याले माहीत व्हतं, खाले आवाज जास म्हणीसन?"

मी म्हटलं, माहीत असणारच. त्यांना शिकवलेलं असतं.

"मंग तो सांगाले का बरं नही उना?"

कुठे तरी ते विमान उतरलं असेल, तो माणूस टोपी काढून चहा प्याला असेल, आणि 'तो आवाज आमचा होता' एवढं एक वाक्य बोलायला त्याला किंवा त्याच्यावरच्या कोणालाही सुचलं नसेल. मी काही तरी पुटपुटलो. अक्कानं पऱ्हाटी गुडघ्यावर मोडली.

"कोणी उनं नही, म्हणजे विमान नव्हतं," ती म्हणाली. "भाऊले वाचाडाले तू सांगी राहिना, मास्तर."

भाऊ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला, लोकांच्या शेतात मजुरी करून. अक्का शेवटपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.