आबांचे फुकटचे फोन

आमच्या आबांना बोलता येतं हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तोवर त्यांचं घरातलं बोलणं म्हणजे ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि ‘वाढ’. उद्यमनगरात जन्मभर लेथवर उभा राहिलेला माणूस. तिथं मशिनच्या आवाजात बोलायची सोय नव्हती आणि घरी आल्यावर सवय नव्हती. आई भयंकर बोलकी. पण समोरून उत्तरच येत नाही म्हटल्यावर ती बिचारी स्वयंपाक करता करता एकटीच बोलायची.

मोबाईल नुकते आमच्यासारख्यांच्या खिशाला परवडायला लागले होते तेव्हाची ही गोष्ट. बहीण बेळगावला दिलेली. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी बजावलं की अजिबात हलायचं नाही, प्रवासाचं तर नावच काढू नका. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते राहिलं बाजूला. मग आईनंच काही महिने तिच्याकडं जाऊन राहायचं ठरलं. आबा यावरही काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र कळंब्यातल्या आमच्या घराजवळच्या दुकानातून दोन मोबाईल घेऊन आले. दुकानदारानं त्यांच्या गळ्यात एक ऑफर मारली होती. दोन नंबर जोडीनं घ्यायचे आणि एकमेकांशी वाट्टेल तेवढं फुकट बोलायचं.

पहिल्या संध्याकाळी आबा पायरीवर बसले आणि फोन लावला. “पोचलीस?” झालं. एवढ्यावर संपलं असं मला वाटलं. पण आबांनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं, परत कानाला लावला आणि म्हणाले, “ठिवू नको. फुकट हाय. कंपनीला सोडायचं न्हाय.”

आणि मग काय विचारता! तळ्यावर फिरायला गेलतो, पाणी लई खाली गेलंय. पोरीनं भाकरी केल्या, कडा जाड झाल्या. शेजारचं कुत्रं आजपण चप्पल घेऊन पळालं. आबा रोज संध्याकाळी हे सगळं इतक्या जोरात सांगायचे की फोन नसता तरी बेळगावला ऐकू गेलं असतं. मी आत बसून तोंडात पदर कोंबून हसायची. माझ्या भाकरीची बदनामी पार कर्नाटकात पोचली होती, पण मला त्याचा राग येईना. इतकी वर्षं हे सगळं कुठं साठवून ठेवलं होतं या माणसानं?

आठवडा होतो न होतो तोच आईचा माझ्या ऑफिसात फोन आला, बूथवरून. तिच्या मोबाईलमधलं बॅलन्स संपलं होतं. तिनं तर कुणाला एक फोन केला नव्हता! मी तडक दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “ताई, फुकट ते काकांना. काकी कागलच्या पुढं गेल्या की आपला महाराष्ट्र संपला. तिकडं नुसता आलेला फोन उचलला तरी त्यांचे पैसे कापणार. रोमिंग म्हणत्यात त्याला.”

“मग हे आधी सांगायला काय तोंड शिवलं होतं?”

“काकी बेळगावला जाणार हे मला काय म्हाईत?”

आईला हे सांगितलं तर तिला काहीच धक्का बसला नाही. तिला जावयांनी आधीच समजावलं होतं. “आबांना सांगते मी,” म्हटलं, “उगाच तुझे पैसे जातात. तिकडच्या घरच्या फोनवर करतील.”

“खुळी हायस का?” आई कडाडली. “तो फोन भायेरच्या सोप्यात हाय. व्याही, विहीणबाई सगळी बसलेली असत्यात तिथं. त्यांच्या म्होरं तुझे आबा काय बोलणार? आणि पैसं पडत्यात म्हटल्यावर हे पण बंद करतील.” मग तिचा आवाज खाली आला. “लगीन झाल्यापासनं वाट बघतोय गं मी ह्या माणसाच्या बोलण्याची. आता कुठं बोलाय लागल्यात. तू सांगू नकोस, तुला माझी शपथ.”

त्या दिवसापासून मी गुपचूप रिचार्जचं कार्ड घ्यायची, नखानं खरवडायची आणि आई बूथवरून फोन करायची तेव्हा तिला नंबर वाचून दाखवायची. संध्याकाळी आबा बिनघोर कंपनीला लुटायचे.

असं बरेच दिवस चाललं. शेवटी फुटलं ते दुकानदाराकडूनच. आबा स्वतःचं महिन्याचं कार्ड आणायला गेले, तर तो बोलून गेला, “काकींचं कालच ताईंनी नेलं की. रोमिंग लई खातंय बघा.” त्या संध्याकाळी त्यांनी फोन लावला नाही. मी दोनदा पायरीकडं डोकावले. ते फोन मांडीवर ठेवून नुसते बसले होते. तिकडं आई रोजच्यासारखी गच्चीवर फोन हातात धरून उभी असणार या विचारानं मला जेवण गेलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीनं आबा बेळगावला गेले.

दुपारी आईचा ऑफिसात फोन. “आल्ते. चहा घेतला. ‘बरं हाय न्हवं?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हाय.’ पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग घड्याळाकडं बघितलं आणि उठले.” ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “संपलं बघ. आता नाहीत करायचे फोन.”

आबा दिवेलागणीला परत आले. हातपाय धुतले, जेवले आणि मोबाईल घेऊन पायरीवर गेले. मला राहवेना. म्हटलं, “आबा, त्याचे आईला पैसे पडतात.”

“कळलंय मला,” आबा म्हणाले. “कार्ड आणलंय तिचं.”

आणि त्यांनी फोन लावला. “आज बेळगावला गेलतो,” ते नेहमीच्याच दणदणीत आवाजात आईला सांगायला लागले. “गाडीला गर्दी न्हवती. निपाणीत भजी खाल्ली. पोरगी बरी हाय, तोंडावर तेज आलंय. व्याही माणूस चांगला हाय, पण चहा लई गोड.”

मग ते थांबले. आबांचा इतका हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

“तू मात्र वाळलीस गं. बघितलं मी. सगळ्यांच्या म्होरं कसं इचारू? आता सांग, जेवतीस का न्हाईस?”