सुमनआत्या एकटीच आली होती

"तुमच्या आत्या एकट्याच आल्यात. सोबत कोणीतरी लागेल, लवकर या," असा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी निफाडला शाळेत शिकवत होते. सोबत! सुमनआत्याला कधी सोबत लागेल, असं आमच्या घरात कोणाच्या मनातही आलं नव्हतं... मनमाडला आजोबांचं ऑपरेशन, माझं बाळंतपण, शेजारच्या काकांची अँजिओप्लास्टी, प्रत्येक वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर बसायला तीच. लग्न केलं नाही, इंदिरानगरला एकटी राहिली, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाली, आणि कोणी आजारी पडलं की "आत्याला कळवा" हे ठरलेलं. दारामागच्या खुंटीला तिची कापडी पिशवी कायम तयार असायची. थर्मास, चादर, पेला, बिस्किटांचा पुडा. "या पिशवीला नाशिकचे सगळे वॉर्डबॉय ओळखतात," असं म्हणून हसायची.

त्या सकाळी तिचा जबडा आणि पाठ दुखत होती, दरदरून घाम सुटला होता. स्वतःच रिक्षा करून ती दवाखान्यात गेली. पुढचं मला तिच्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी सांगितलं. नावनोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं विचारलं, "सोबत कोण आहे?" आत्या म्हणाली, "मीच आहे माझ्यासोबत. छातीत दडपल्यासारखं होतंय, आधी ईसीजी काढा." त्यावर नर्स म्हणाली, "चालत आलात ना मावशी, पित्त झालं असेल. बसा, नातेवाईक आले की घेऊ." आणि बसवून ठेवलं तिला! ईसीजीचं मशीन समोरच्याच खोलीत, दार सताड उघडं. छातीत दडपतंय, घाम सुटलाय असं माणूस सांगतोय, तर आधी ईसीजी आणि मग बाकीच्या चौकशा, हे दवाखाना चालवणाऱ्यांना मी, एका मराठीच्या शिक्षिकेनं शिकवायचं? ती बाकड्यावरून घसरली तेव्हा मात्र सगळे धावले. छाती दाबली, शॉक दिले... मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. "अ‍ॅटॅक मोठा होता. जरा आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. मी ओरडलेच, "आधीच आली होती हो ती! तुमच्याच बाकड्यावर बसली होती!" मग एकानं सहीसाठी कागद पुढे केला आणि नातं काय, ते विचारलं.

आता महिना होत आला. भेटायला येणारे म्हणतात, बाईंनी शेवटपर्यंत कोणाला त्रास दिला नाही. मला ते ऐकवत नाही. द्यायला हवा होता तिनं त्रास. खिडकीवर हात आपटायला हवे होते, दवाखाना डोक्यावर घ्यायला हवा होता... वर्गात तिचा आवाज चढला की शेजारचा वर्गही गप्प व्हायचा म्हणे. त्या दिवशी ती सांगितल्यासारखी बसून राहिली.

परवा तिचं घर उघडलं. पिशवी दारामागे खुंटीलाच होती. आत धुतलेला थर्मास, चादरीची स्वच्छ घडी, बिस्किटांचा न फोडलेला पुडा. जाताना तिनं ती घेतलीच नव्हती. ती पिशवी सोबत जाणाऱ्यानं न्यायची असते ना.