पिंपळगावचा बाक

कुणाच्याही घरी गेल्या की बाई बसायच्या आधी खुर्ची उलटी करायच्या. घरातलं कुणी पाणी आणायला आत वळलं रे वळलं की खुर्चीचे चारही पाय छताकडे. मग चष्मा नाकावर ओढून सांधे बघायच्या, अंगठ्याने एखादा खिळा दाबायच्या आणि खुर्ची सरळ करून तीत बसता बसता म्हणायच्या, "खालून बघावं. वरून काय, सगळ्याच छान दिसतात."

भाचीसाठी स्थळ बघायला गेल्या तेव्हाही त्यांनी तिथला टीपॉय उलटा केला. मुलाच्या आईला वाटलं, किमतीची चिठ्ठी शोधतायत. बाहेर आल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, कसं वाटलं?" बाई म्हणाल्या, "टीपॉय अगदीच टाकाऊ आहे. मुलगा बरा वाटतो." लग्न झालं, संसारही छान चाललाय. टीपॉयचं काय झालं ते मात्र कळलं नाही.

तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असणार, ज्याला सगळे थोडे हसतात आणि अडलं की ज्याचीच बेल वाजवतात. इंदिरानगरात आमच्या रो हाउसच्या रांगेत त्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. घरकामाला येणाऱ्या सगळ्या आमच्याकडे मावशी. बाई फक्त ह्याच. शाळेत आयुष्यभर कार्यानुभव शिकवला. आठवतो ना हा विषय? वेळापत्रकात असायचा आणि वर्गात नसायचा. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात उभे राहून म्हणायचे, "बाई, आजचा तास मी घेऊ का?" बाईंच्या मनात ते कायमचं राहिलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी लाकडी सामानं खरवडून, घासून, पॉलिश करून द्यायला सुरुवात केली. कुणी मागितलं म्हणून, बऱ्याचदा कुणी न मागताही.

माझी त्यांची ओळख तशी वरवरची होती. दाट झाली ती आमच्या घरावर संकट आल्यावर.

माझे यजमान गणिताचे शिक्षक, दुसऱ्या शाळेत. निवृत्तीनंतरही घरी शिकवण्या घ्यायचे. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणत. एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या हातातून वस्तरा पडला आणि उजवी बाजू गेली. जीव वाचला. पाय हळूहळू टेकू लागला, पण हात तसाच राहिला, आणि शब्द गेले. समजायचं सगळं, ओठापर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं. चहाला 'खडू' म्हणून गेले एकदा आणि ते स्वतःलाच कळलं. त्या दिवसापासून बोलण्याचा प्रयत्नच सोडला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी घरी यायची. ती हातात रबरी चेंडू द्यायची, दाबा म्हणायची. हे चेंडू गादीवर सोडायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला कॉलेजच्या ऑफिसात नोकरीवर जावंच लागायचं. दुपारी फोन केला की घरात सांभाळायला ठेवलेल्या मावशी म्हणायच्या, "झोपलेत." मला माहीत असायचं की झोपलेले नाहीत.

त्याच सुमारास पिंपळगावहून बाक आला. माझ्या सासऱ्यांचं तिथे बियाण्यांचं दुकान होतं, हायवेलगत. दुकान विकलं तेव्हा धाकट्या दिरांनी दुकानाबाहेरचा लांबलचक बाक कांद्याच्या टेम्पोत टाकून आमच्याकडे पाठवला. "दादाला आवडायचा," म्हणाले. चॉकलेटी ऑइलपेंटचे फुगे आलेले, एक हात निखळलेला, कांद्याचा वास मारणारा तो बाक बघून मला रडूच यायचं बाकी होतं. पार्किंगमध्ये ठेवून दिला आणि भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलं.

रविवारी भंगारवाल्याच्या आधी बाई आल्या. बाक एकटीने उलटा केला. खालच्या बाजूला रंग लागलेलाच नव्हता. त्यांनी पदराने धूळ पुसली, थुंकी लावून बोट फिरवलं. खालून मधासारखं सागवान दिसलं.

"अगं, हा भंगारात देतेस?"

मी म्हटलं, "बाई, मला आत्ता बाकाचं नाव काढायलाही वेळ नाही."

"तुला कोण सांगतंय? सर रिकामेच आहेत ना?"

मला राग आला. म्हटलं, त्यांना उठवत नाही, बोलवत नाही, उजवा हात चालत नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सरळ आत गेल्या. पलंगापाशी जाऊन म्हणाल्या, "सर, मी कार्यानुभवाची. तुम्ही गणितवाल्यांनी आयुष्यभर माझे तास चोरले. आता मला ते परत पाहिजेत. उद्या सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये."

हे भिंतीकडे तोंड करून होते. त्यांची पाठ हलायला लागली. मी घाबरून पुढे झाले, तर हे हसत होते. कितीतरी महिन्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा ह्यांना आरामखुर्चीत बसवून पार्किंगमध्ये आणलेलं होतं आणि बाई बाकाला रंग काढायचं औषध लावत होत्या. त्यासाठी त्यांनी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात रंगखात्यात असलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून भंडावून सोडलं होतं. तो बिचारा सांगत होता, "बाई, विमानाचं वेगळं असतं, बाकाचं वेगळं. तुम्ही दुकानातलंच आणा." रंग फुगून सुरकुतला की पत्र्याच्या पट्टीने खरवडायचा. पट्टी ह्यांच्या डाव्या हातात. उजवा हात बाकावर नुसता ठेवायचा, दाबून, बाक हलू नये म्हणून. "तो काही करत नाहीये," बाई म्हणायच्या, "फक्त धरून बसलाय. बसू दे."

चॉकलेटी रंगाखाली निळा निघाला. निळ्याखाली आणखी एक. शनिवार होता, मीही तिथेच भाजी निवडत बसले होते. बाई म्हणाल्या, "हा बघा, हिरवा."

ह्यांनी मान हलवली. नाही.

"हिरवा नाही तर काय? माझा चष्मा नवीन आहे."

हे कपाळाला आठ्या घालून त्या तुकड्याकडे बघत राहिले. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी काही बोलणार तेवढ्यात बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. समोरच्या घराचा कुकर शिट्या देत होता.

"पो...पटी," हे म्हणाले.

"पोपटी तर पोपटी," बाई म्हणाल्या आणि खरवडायला लागल्या, जणू काही झालंच नाही. मी भाजीची परात उचलून आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून मनसोक्त रडले. बाहेर आले तेव्हा बाई ह्यांना सांगत होत्या की गणितवाल्यांना प्रत्येक गोष्टीत चुका काढायची खोडच असते.

त्यानंतर शब्द भराभर आले असं नाही. काही दिवस एकही यायचा नाही, काही दिवस चुकीचाच यायचा. पण हे सकाळी स्वतःहून शर्ट मागायला लागले. मावशींना हाताने खूण करायचे, बाहेर चला. रंग संपला, मग पॉलिश पेपरने घासणं सुरू झालं. बाईंनी कागद लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून दिला आणि एक दिवस गुपचूप ह्यांचा उजवा हात डाव्याखाली सरकवला. दोन्ही हात एकत्र पुढे-मागे जायला लागले. व्यायामाला येणारी मुलगी बघतच राहिली. मग तिने चेंडू पिशवीत टाकला आणि ह्यांच्या शेजारी बसून रोजचा व्यायाम त्या ठोकळ्यावरच बेतून दिला.

मध्येच दीर भेटायला आले. द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन फाटकातून आत शिरले, तर दादा भुशाने माखलेला.

"वहिनी, हे काय चाललंय? आजारी माणसाला कामाला लावलं का तुम्ही? लय झालं हे. लोक काय म्हणतील? दोन माणसं पाठवतो मी, दिवसात बाक करून देतील."

बाई कमरेवर हात ठेवून उठल्या. आता दिरांची काही खैर नाही असं मला वाटलं. पण त्यांच्या आधी हे बोलले. मान वर न करता, अगदी सहज.

"गप रे."

दीर पेटी खाली ठेवायची विसरले. लहानपणापासून दादा त्यांना एवढंच म्हणत आलेला. गेलं वर्षभर ते फोनवर एकटेच बोलायचे आणि पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. ते जमिनीवर बसले, बाकाला टेकून, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाले, "होता तसाच हाय दादा. चालू द्या तुमचं." जाताना द्राक्षांची पेटी आमच्या दाराऐवजी बाईंच्या दारात ठेवून गेले.

श्रावणात बाक पॉलिशला तयार झाला. निखळलेला हात बसवला होता, भेगा लांबी भरून बुजवल्या होत्या. बाईंनी स्पिरिटमध्ये लाख विरघळवली आणि कापसाच्या बोळ्याने पहिला हात दिला. दुसऱ्या दिवशी बघतो तर बाकभर पांढुरका ढग उतरलेला. मी हळहळले. इतक्या दिवसांची मेहनत. बाईंनी मात्र पदर खोचला.

"हवा दमट होती. हरकत नाही. सर, पुन्हा घासायला लागणार."

ह्यांनी ठोकळा उचलला. पुन्हा घासणं, पुन्हा लाख, पुन्हा ढग. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, "बाई, पावसाळा संपेपर्यंत थांबायचं का?" त्या म्हणाल्या, "छे, छे. काम थांबवायचं नसतं."

पितृपक्षाच्या आसपास ओझरचा तो विद्यार्थी बाईंना भेटायला आला. केस पिकलेले गृहस्थ, पण बाईंसमोर उभेच. बाई आत चहा टाकायला गेल्या तेव्हा मी त्यांना सहज सांगितलं की पॉलिश सारखं पांढरं पडत होतं. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं.

"बाईंचं पॉलिश? पावसाळी हवेत लाख लावायची नाही, हे आम्हाला सातवीत बाईंनीच शिकवलंय. ओल्या हवेत कुणी डबा उघडला तरी पट्टी बसायची."

मी पार्किंगकडे बघितलं. हे बाकाच्या कडेवरून ठोकळा फिरवत होते. उजवा हात आता वर होता आणि डावा नुसता जोडीला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते, पाढे असावेत. तेव्हा मला सगळं उलगडलं.

बाई चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "बाई, खरं सांगा, हवा दमट होती?"

"दमटच होती की," त्या म्हणाल्या आणि कपबशी माझ्या हातात दिली. "कोरड्या हवेची वाट बघितली असती तर सर पुन्हा पलंगावर गेले असते."

ऑक्टोबरच्या उन्हात बाकाला शेवटचा हात दिला. तो एका फटक्यात असा चमकला की गल्लीतली माणसं बघायला आली. हॉलमध्ये खिडकीखाली ठेवला. मी बाईंना साडी देऊ केली तर म्हणाल्या, "साडी नको. सरांना रोज माझ्याकडे पाठव. माझ्या घरी करण्यासारखं खूप आहे." मग हे काठी टेकत रोज रांगेच्या शेवटच्या घरापर्यंत जायला लागले. तिथून दोघांच्या भांडणाचे आवाज यायचे. बाईंचे लांब, ह्यांचे तुटक. इतकं गोड भांडण मी दुसरं ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी बाईंच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलं. भाचीने त्यांना आपल्याकडे कोल्हापूरला नेलं. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मी उचलला की एकच प्रश्न, "सर कुठायत?" हिवाळ्यात फोन आला तो भाचीचा. सकाळी चहा पिऊन झोपाळ्यावर बसल्या होत्या, तिथेच गेल्या.

मधे काही महिने घर बंद होतं. नंतर भाची सामान हलवायला आली. टेम्पो दारात उभा होता, माणसं वस्तू बाहेर काढत होती. किल्ली द्यायला ती आमच्याकडे आली तेव्हा घाईत होती, संध्याकाळच्या आत तिला निघायचं होतं. दारातूनच म्हणाली, "मावशी तिकडे शेवटी शेवटी सारखी तुमच्याबद्दल बोलायची. म्हणायची, माझे सर, माझे सर. पण इकडे तुमचं काय चालायचं ते मला कधी नीट कळलंच नाही."

मी सांगायला तोंड उघडलं. ह्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बाकावर थोडे सरकून तिला जागा केली.

"बस," हे म्हणाले. "वेळ... लागेल. मी सांगतो."

तिने एकदा ह्यांच्याकडे बघितलं. मग खिडकीतून टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं, "भाऊ, इंजिन बंद करा, उशीर होणारे," आणि चप्पल काढून ह्यांच्या शेजारी येऊन बसली.